वजन कमी करण्याचं इंजेक्शन ऑनलाइन डॉक्टरांकडून: पहिल्या व्हिडिओ कॉलआधी काय तयारी करावी?

गडनदी

मोठ्या भावासाठी विचारतोय. वय ४६, उंची १७२ सेंमी, वजन ९८ किलो, पोटाचा घेर बेंबीवरून ११२ सेंमी. कणकवली ते कोल्हापूर टेम्पो चालवतो, फोंडाघाटातून, आठवड्याला चार-पाच फेऱ्या. मधुमेह तीन वर्षांपासून. गोळ्या: मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ सकाळी, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४०. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.४. यकृताच्या तपासणीत एसजीओटी ४८, एसजीपीटी ७२, प्लेटलेट २.१ लाख. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २, पित्ताशयात खडे नाहीत. घोरणं प्रचंड.

हार्मोनचे तज्ज्ञ डॉक्टर गाठायचे तर कोल्हापूर किंवा पणजी, म्हणजे दर वेळी एक दिवसाची कमाई बुडते. पुरुषांसाठीच चालणाऱ्या एका ऑनलाइन क्लिनिकची जाहिरात त्याने पाहिली. फॉर्म भरा, दहा मिनिटांचा कॉल, वजन कमी करण्याचं इंजेक्शन (टिर्झेपाटाइड किंवा सेमाग्लुटाइड) घरपोच. त्याच पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉनची तपासणी आणि 'गरज पडल्यास' त्याचंही इंजेक्शन.

नेमकं हवंय ते असं: व्हिडिओवरून हे औषध लिहून देणं नियमात बसतं का? आधी कोणत्या तपासण्या हव्यात? पावसाळ्यात आमच्याकडे चार-चार तास वीज नसते, तेव्हा औषध टिकेल का? आणि टेस्टोस्टेरॉनचं काय करायचं?

माळरान_फिजिशियन

आधी नियम. २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आजही आधार आहेत. औषधांच्या याद्या केल्या आहेत. पहिल्याच भेटीत, तीसुद्धा व्हिडिओवर असेल तर, 'अ' यादीतली तुलनेने सुरक्षित औषधं देता येतात. 'ब' यादीतली औषधं पाठपुराव्याच्या भेटीत आधीच्या औषधांना जोडता येतात, म्हणजे त्याच आजारासाठी आधी प्रत्यक्ष तपासणी झालेली हवी. पाठपुरावा कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे: त्याच डॉक्टरांनी त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष पाहिलेलं असणं. म्हणून माझं स्पष्ट मत: भावाला एकदा कोल्हापूरला किंवा पणजीला प्रत्यक्ष दाखवा आणि पुढचं सगळं त्याच डॉक्टरांकडे व्हिडिओवर चालवा. कोल्हापूरला तो तसाही जातोच, फेरीच्या दिवशीचीच वेळ घ्या.

ऑनलाइन क्लिनिकचाच विचार असेल तर तीन गोष्टी पाहा. प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे, आणि तो राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या किंवा महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर जुळला पाहिजे. फॉर्म भरून एखाद्या संगणकप्रणालीने औषध लिहून देणं मान्य नाही, डॉक्टर स्वतः बोलले पाहिजेत. आणि पुढच्या भेटीला तेच डॉक्टर असतील का, हे पैसे भरण्याआधी विचारा. दर वेळी नवा चेहरा येणार असेल तर डोस वाढवण्याचा निर्णय कोण, कशाच्या आधारावर घेतो हा प्रश्न उरतोच.

पडद्यावरून डॉक्टरांना जे दिसत नाही ते घरी मोजून द्यावं लागतं. इथेच बहुतेकांचं चुकतं.

घेर बेंबीवरून मोजू नका. सुटलेल्या पोटात बेंबी खाली ओघळते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप ठेवा आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा घ्या. भारतीय पुरुषांत ९० सेंमीपासून धोका धरतात. बीएमआय ३३.१ येतो. आपल्याकडे २५ च्या वर स्थूलता म्हणतात, पण या औषधांसाठी साधारण ३०, किंवा सोबत मधुमेह-रक्तदाब असेल तर २७ ही मर्यादा लावतात. ती तो ओलांडतो.

रक्तदाबाचं यंत्र घरी असेल तर पट्टा तपासा. नेहमीचा पट्टा २२ ते ३२ सेंमी दंडासाठी असतो. दंड ३५ चा असेल तर तोच पट्टा रक्तदाब खोटा जास्त दाखवतो आणि विनाकारण गोळी वाढते. मोठा पट्टा वेगळा मिळतो. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन वाचनं, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी कॉलआधी पाठवा.

ग्लिमेपिराइडबद्दल खास सांगतो, कारण भाऊ घाटात गाडी चालवतो. या इंजेक्शनांनी एकट्याने साखर सहसा धोकादायक खाली जात नाही. ग्लिमेपिराइडसोबत जाते. भूक मेलेली, दुपारचं जेवण अर्धं, सकाळची गोळी मात्र घेतलेली, आणि समोर वळणं. इंजेक्शन सुरू करतानाच ही गोळी बंद करायची की अर्धी, हे डॉक्टरांकडून लेखी घ्या. एचबीए१सी ७.४ असताना बहुतेकदा बंदच करता येते, पण ते घरी ठरवू नका. गाडीत ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पुडी ठेवा, निघण्याआधी साखर पाहा.

घोरण्याकडे दुर्लक्ष नको. मानेचा घेर मोजा. झोपेतल्या श्वासरोधाच्या प्रश्नावलीतले घोरणं, रक्तदाब आणि पुरुष असणं हे तीन गुण आत्ताच दिसतात. दिवसा झापड येत असेल तर चौथा. मान ४० सेंमीच्या वर असेल किंवा झोपेत श्वास अडकताना कुणी पाहिलं असेल तर पाचवा. पाचपासून पुढे झोपेतल्या श्वासरोधाची शक्यता मोठी धरतात. घरी नेऊन बोटाला, नाकाला आणि छातीला लावायचं यंत्र मिळतं, एका रात्रीचं काम आहे. वजन उतरेल तसं हे सुधारतं, पण त्याला महिने लागतात. तोवर चाकावर डुलकी लागू नये यासाठी ही तपासणी आधी.

यकृताचं गणित तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ४६ × ४८ = २२०८. प्लेटलेट २१० हजार धरायच्या, ७२ चं वर्गमूळ ८.४९. २१० × ८.४९ = १७८३. भागाकार १.२४. १.३ च्या खाली म्हणजे यकृत कडक झाल्याची शक्यता सध्या कमी. पण काठावरच आहे. वर्षाने पुन्हा काढा, १.३ ओलांडला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी.

याशिवाय क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, लिपिड (ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर स्वादुपिंडाची भीती, आधी ते खाली आणावं लागतं), थायरॉइडसाठी टीएसएच आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. पडद्याची तपासणी लोक हमखास विसरतात. साखर झपाट्याने उतरली की आधीच खराब असलेला पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. तीन वर्षांत ती झाली नसेल तर इंजेक्शनआधी करा.

घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग किंवा मेन-२ हा आनुवंशिक आजार असेल तर ही औषधं नाहीतच. साधा हायपोथायरॉइड, ज्याला सकाळी उपाशीपोटी गोळी लागते, तो याआड येत नाही. याआधी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर लपवू नका.

आणि दारू. 'कधीतरी' हे उत्तर डॉक्टरांच्या काही कामाचं नाही. १८० मिलिची एक क्वार्टर म्हणजे सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल, ६५० मिलिची स्ट्राँग बिअर सुमारे ४०. आठवड्याला किती क्वार्टर, किती बाटल्या, एवढं खरं सांगा. स्वादुपिंड, यकृत आणि साखर, तिन्हींचा हिशेब त्यावर आहे.

औषधपेढी

माळरान डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, मी हातातल्या औषधाबद्दल लिहितो.

टिर्झेपाटाइड (माउंजारो) भारतात मार्च २०२५ मध्ये आधी कुपीत आलं, पेन नंतर. सुरुवातीची किंमत २.५ मिग्रॅच्या कुपीला ३,५०० आणि ५ मिग्रॅला ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चार. सेमाग्लुटाइडचं (वेगोव्ही) भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं, त्यामुळे त्यात आता स्वस्त पर्याय आहेत. खरेदीच्या दिवशीचा भाव दुकानात विचारूनच हिशेब मांडा, आणि एका महिन्याचा नाही, वर्षाचा मांडा. तीन महिने घेऊन पैसे संपले म्हणून थांबणं हा सर्वांत महागडा प्रकार.

कुपी घेतली तर सगळ्यात घातक चूक सिरिंजची होते. कुपीत ०.५ मिलि औषध असतं आणि ते पूर्ण घ्यायचं असतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज सर्रास मिळतात. लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. यू-१०० वर ०.५ मिलि म्हणजे ५० ची खूण, यू-४० वर तेच २० ची. 'पन्नासपर्यंत ओढा' असं फोनवर सांगितलं आणि दुकानातून लाल टोपण आलं तर गोंधळ होणारच. प्रिस्क्रिप्शनवर मिग्रॅ, मिलि आणि सिरिंजचा प्रकार तिन्ही लिहून मागा. सेमाग्लुटाइडच्या कुपीबाबत तर हे दुप्पट गरजेचं, कारण एका मिलित किती औषध हे कंपनीगणिक वेगळं असू शकतं.

काही जण ५ ची कुपी घेऊन दोन आठवड्यांत अर्धी-अर्धी वापरतात. करू नका. ती एका वेळेची कुपी आहे, तिच्यात जंतू रोखणारं संरक्षक द्रव्य नसतं. एकदा सुई गेली की उरलेलं टाकायचं.

पेनमध्ये चार डोस असतात, सुया वेगळ्या घ्याव्या लागतात, दर वेळी नवी. प्रत्येक डोसआधी हवा काढण्याचं बटण-दाबणं चुकवू नका. टोचल्यावर पाचापर्यंत सावकाश मोजा आणि मगच सुई बाहेर. चार डोस झाल्यावर आत थोडं औषध दिसतं, ते सिरिंजने ओढून 'पाचवा डोस' काढण्याचे व्हिडिओ फिरतात. ते मापात नसतं आणि निर्जंतुकही राहत नाही.

डोस: टिर्झेपाटाइड २.५ पासून, चार आठवडे. मग ५. त्यापुढे गरज आणि सहनशक्ती पाहून दर वेळी २.५ ने, मध्ये किमान चार आठवडे, कमाल १५. सेमाग्लुटाइड ०.२५, ०.५, १, १.७, प्रत्येकी चार आठवडे, मग २.४. '९८ किलोच्या माणसाला २.५ ने काय होणार, थेट ५ द्या' असं लोक काउंटरवर म्हणतात. पहिला महिना वजनासाठी नसतोच, आतड्यांना सवय लागण्यासाठी असतो. तो गाळला की दुसऱ्या आठवड्यात उलट्या आणि तिसऱ्या आठवड्यात औषध बंद.

टिर्झेपाटाइडचा वार चुकला तर चार दिवसांच्या आत आठवलं की घ्या, त्यापुढे तो डोस सोडून नेहमीच्या वारी. दोन डोसांत किमान तीन दिवस. लागोपाठ दोन-तीन आठवडे चुकले तर आधीच्याच डोसवर परस्पर सुरू न करता डॉक्टरांना विचारा, बहुधा खालून चढावं लागेल.

आता वीज. फ्रिजमध्ये २ ते ८ अंश. टिर्झेपाटाइडची न वापरलेली कुपी ३० अंशांच्या आत २१ दिवस बाहेर चालते, वापरातलं पेन ३० दिवस. म्हणजे चार तास वीज गेल्याने काही बिघडत नाही, फ्रिजचं दार उघडू नका एवढंच. खरी भीती दोन. एक, मे महिन्यातली उष्णता: बंद टेम्पोच्या केबिनमध्ये ३० अंश केव्हाच ओलांडतात, औषध गाडीत ठेवायचं नाही. दुसरी भीती गोठण्याची, आणि ती लोकांच्या ध्यानात येत नाही. फ्रीजरला चिकटून ठेवलेलं किंवा पार्सलमध्ये थेट बर्फाच्या पाकिटाला टेकलेलं औषध गोठू शकतं. गोठून वितळलेलं औषध दिसायला तसंच दिसतं, पण वापरायचं नाही. मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून दूर, खोक्यासकट ठेवा.

घरपोचपेक्षा कणकवलीतल्या किंवा कोल्हापुरातल्या फ्रिज असलेल्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. बिलावर बॅच क्रमांक हवा आणि तो खोक्यावरच्या आणि कुपीवरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. कुरिअरच घ्यावं लागलं तर सोमवार-मंगळवारी निघेल असं बघा, शनिवारी निघालेलं पार्सल गोदामात रविवार काढतं. 'संशोधनासाठी' लिहिलेली पावडर, किंवा लेबल नसलेली कुपी कुणीही कितीही स्वस्त दिली तरी नको.

वीर्यतपासनीस

टेस्टोस्टेरॉनपुरतं लिहितो. लठ्ठपणात रक्तातलं एकूण टेस्टोस्टेरॉन अनेकदा कमी दिसतं, कारण ते वाहून नेणारं प्रथिन कमी झालेलं असतं. एका दुपारच्या नमुन्यावर 'कमी आहे' म्हणणं चूक. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी, आणि आजारी नसताना. दोन्ही कमी आले तर एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही मेंदूकडून येणारी हार्मोन आणि वाहक प्रथिन पाहायचं. तेही लैंगिक इच्छा कमी होणं, सकाळची ताठरता जाणं अशी लक्षणं असतील तरच.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूचा वृषणांना जाणारा संदेश बंद होतो आणि शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. मूल हवं असणाऱ्याने ते घेऊ नये. शिवाय रक्त घट्ट होतं आणि झोपेतला श्वासरोध वाढू शकतो, जो तुमच्या भावाला बहुधा आहेच. वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन आपोआप वर येतं. दहा टक्के वजन गेल्यावर पुन्हा मोजा. वजनाच्या पॅकेजात ते आधीच बांधून विकणारं क्लिनिक मी टाळायला सांगेन.

गडनदी

खूप उपयोग झाला. आणखी दोन प्रश्न. जाहिरातीत २० टक्के वजन उतरतं म्हणतात, त्याचं किती उतरेल? आणि रस्त्यावरचं खाणं कसं सांभाळायचं? घरी मासे-भात, बाहेर वडापाव, मिसळ.

माळरान_फिजिशियन

वीस टक्के हा आकडा मधुमेह नसलेल्यांचा आहे: टिर्झेपाटाइड १५ मिग्रॅ, ७२ आठवडे. मधुमेह असलेल्यांवर वेगळी चाचणी झाली, तिथे १० मिग्रॅवर १२.८ आणि १५ मिग्रॅवर १४.७ टक्के. म्हणजे तुमच्या भावाचे साधारण १२ ते १४ किलो, तेही दीड वर्षात आणि खाणं-व्यायाम सांभाळून. हे त्याला आधीच सांगा. सहाव्या महिन्यात ७ किलो गेले असताना 'औषध लागू पडत नाही' म्हणून सोडून देणारे बरेच असतात.

औषध नको असेल किंवा परवडत नसेल तर एक रस्ता आहे, आणि मधुमेह सहा वर्षांच्या आतला असल्यामुळे तो त्याला खुला आहे. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरी देऊन मग हळूहळू जेवण परत आणलं. एका वर्षाने ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात होता, आणि ज्यांचे १५ किलो किंवा जास्त उतरले त्यांच्यात ८६ टक्के. पण पहिल्याच दिवशी साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवून, देखरेखीखाली. घाट चालवणाऱ्याने हे परस्पर करायचं नाही.

कुळथाची_पिठी

आहाराचं मी सांगते. या औषधांवर खाणं आपोआप बरंच कमी होतं, त्यामुळे 'कमी खा' सांगायची गरज नसते. प्रथिनं पुरी पडत नाहीत आणि चरबीसोबत स्नायू झडतात, हा खरा प्रश्न. १७२ सेंमी उंचीला ७४ किलो धरून दिवसाला ८५ ते ९० ग्रॅम प्रथिनं हवीत. दोन अंडी १२, चाळीस ग्रॅम कोरड्या कुळथाची उसळ ९, दीडशे ग्रॅम बांगडा २८, पाव लिटर दूध ८, दोनशे ग्रॅम दही ७, मूठभर फुटाणे ८, पन्नास ग्रॅम पनीर ९. बाकी भात-भाकरीतून. ताटात आधी मासे आणि उसळ, भात शेवटी. पोट लवकर भरतं, आणि भाताने भरलं तर बांगडा ताटातच राहतो. सुकट-खारं रक्तदाबामुळे बेताने.

गाडीत उकडलेली अंडी, फुटाणे, ताक. वडापाव आणि कटाची मिसळ यांचा त्रास इंजेक्शननंतरच्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक होतो, कारण पोट सावकाश रिकामं होतं आणि तेलकट खाणं आत पडून राहतं. आंबट करपट ढेकरा, मग उलटी. म्हणून इंजेक्शन सुट्टीच्या आदल्या रात्री घ्यायला सांगा. दिवसात अडीच लिटर पाणी घड्याळ लावून, कारण तहानही मंदावते आणि चालक लोक लघवीसाठी थांबावं लागू नये म्हणून पाणी टाळतात. बद्धकोष्ठाला रात्री दोन चमचे इसबगोल, पण भरपूर पाण्यासोबतच.

आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम, वीस-पंचवीस मिनिटं: खुर्चीवरून उठबस, भिंतीवर जोर, पाण्याचे पाच लिटरचे कॅन. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत.

माळरान_फिजिशियन

पिठीताईंच्या पाण्याच्या मुद्द्याला जोडून. उलट्या-जुलाब सुरू झाले आणि टेल्मिसार्टन चालू आहे, अशा वेळी मूत्रपिंडाला झटका बसू शकतो. चोवीस तास पाणी पोटात टिकत नसेल किंवा लघवी गडद आणि थोडी होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवायची का ते विचारा. कुणी मध्येच डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी जोडली असेल तर तेही सांगा, उपाशी पोटी तिने किटोन वाढतात.

पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारी, न थांबणारी कळ आणि उलट्या. किंवा उजव्या बरगडीखाली दुखून ताप, डोळे पिवळे. यात चॅटवर संदेश टाकून उत्तराची वाट पाहायची नाही. जवळच्या रुग्णालयात जा, लायपेज (स्वादुपिंडाची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी होईल. पुढचं इंजेक्शन तोवर नाही. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना हे इंजेक्शन चालू असल्याचं आधी कळवा, उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं.

व्हिडिओ भेटी अशा ठेवा: सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी, मग प्रत्येक डोस वाढवण्याआधी, स्थिर झाल्यावर तीन महिन्यांनी एकदा. प्रत्येक वेळी वजन, घेर, सात दिवसांचा रक्तदाब, आठवड्यातल्या चार-पाच वेळच्या साखरा आणि त्रास काय झाला हे एका कागदावर लिहून आदल्या दिवशी फोटो पाठवा. एचबीए१सी, क्रिएटिनिन, एसजीपीटी तीन महिन्यांनी. रक्तदाबाच्या वरच्या आकड्याची सरासरी ११० च्या खाली येऊ लागली किंवा उठताना गरगरलं तर टेल्मिसार्टन कमी करायची वेळ आली. हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

सोसेल त्या सर्वांत वरच्या डोसवर सहा महिने होऊनही पाच टक्केही वजन उतरलं नाही, तर पुढे चालू ठेवण्यात अर्थ आहे का यावर डॉक्टरांशी नीट बोला. आणि उतरलं, तर बंद करण्याचा विचारही तसाच बोलून करा. सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांवर झालेल्या पाहणीत वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न हा: टिकवण्यासाठी किती डोस, किती वर्षं, आणि थांबायचं झालं तर साखरेच्या कोणत्या गोळ्या परत सुरू होतील.

गडनदी

कोल्हापूरची प्रत्यक्ष भेट पुढच्या फेरीला घेतो. डोळ्यांची तपासणी आणि मोठा पट्टा आधी करून टाकतो. डॉक्टर, घोरण्याची एका रात्रीची तपासणी घेताना त्या दिवशी गाडी चालवलेली चालते का?

माळरान_फिजिशियन

चालते. नेहमीसारखाच दिवस जाऊ द्या, फक्त त्या रात्री दारू नको आणि झोपेची गोळी नको. किमान चार तासांची नोंद हवी, म्हणून पहाटे तीनला निघायची फेरी असेल तो दिवस टाळा. बोटाचा चिमटा रात्री निसटतो, चिकटपट्टी लावून ठेवा. घरी परतून आठ तास झोप मिळेल अशी रात्र निवडा आणि निकाल हाती आल्यावरच इंजेक्शनची तारीख ठरवा.